हिच्या लेखांची शीर्षके

३ मार्च, सोमवार

सहाला उठलो. चहा घेतला. गॅलरी झाडली. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या त्या आणल्या. दुपारी तासभर पडलो. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

रोज एवढेच लिहून वही मिटतो. आज एक नवीन काम हाती आले आहे, म्हणून थोडे जास्त.

हिला जाऊन पाच महिने होत आले. ही म्हणजे माझी पत्नी. हयातीत मी तिला नावाने क्वचितच हाक मारली, आता वहीत मारायला संकोच वाटतो. ही सव्वीस वर्षे रुग्णालयात सिस्टर होती. निवृत्त झाल्यावर इंटरनेटवर ब्लॉग लिहू लागली. नाव ‘घरचा रुग्ण’. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घरच्या घरी कसे करावे, एवढाच विषय. सहा वर्षांत अठ्ठेचाळीस लेख झाले. मग एका सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला, नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढले आणि गेली. तिचे कुणाला काहीच करावे लागले नाही.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. गाद्यांच्या एका कंपनीसाठी जाहिराती लिहिते. तिने हिच्या लॅपटॉपचा पासवर्ड शोधून काढला आणि ब्लॉग कसा उघडायचा ते मला फोनवरून शिकवले. दिवसभरात किती जण येऊन गेले तो आकडा तिथे दिसतो. कालचा आकडा अकरा.

“अकराच?” मी म्हटले.

“त्यात एक मी आणि एक तुम्ही. म्हणजे नऊच. बाबा, शीर्षकं बघा ना. ‘अंगाखालची चादर बदलणे’. ‘चमच्याने पाणी पाजणे’. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं वाटतं. कोण उघडणार?”

मला त्यात काही गैर दिसले नाही. मी एकतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या भांडारात काढली. खोक्यात जे आहे तेच खोक्यावर लिहायचे, ‘वॉशर, रबर, अर्धा इंच’. दिवे गेले तरी हात बरोबर पडला पाहिजे. मी तिला तसे सांगितले. ती हसली.

“तुमच्या भांडारात गिऱ्हाईक येत नव्हतं, बाबा. फिटर येत होता, आणि त्याला दुसरीकडे जायची सोयच नव्हती.”

फोन ठेवला. अकरा हा आकडा मात्र जेवताना डोळ्यांपुढे होता.

५ मार्च, बुधवार

मुलीने फोनवर शीर्षकाचे धडे दिले. टिपून घेतले. वाचणाऱ्याशी थेट बोलावे. लेख वाचून त्याच्या पदरात काय पडणार ते सांगावे, पण सगळे सांगून टाकू नये. दार किलकिले ठेवावे, सताड उघडू नये. आकडा असला तर बरे. ‘करणे’, ‘बदलणे’, ‘पाजणे’ असले शब्द कार्यालयातल्या फायलींसाठी आहेत.

सरावाला ‘अंथरुणात केस धुणे’ हा लेख घेतला. तिचे शीर्षक होते, ‘केस धुण्याची ही युक्ती बघून तुम्ही थक्क व्हाल!’ मी म्हटले, यात थक्क होण्यासारखे काही नाही, दोन बादल्या आणि एक रबरी कापड आहे.

“मग तुम्ही सांगा.”

अर्धा तास बसलो. परत फोन करून वाचून दाखवले: ‘आईला पलंगावरून न उठवता केस धुवायचे आहेत? दोन बादल्या पुरतात.’

मग म्हणाली, “बाबा, तुम्ही आमच्या ऑफिसात या कामाला.”

बऱ्याच वर्षांनी कुणी कामाबद्दल चांगले म्हटले. वहीच्या शेवटी तीन रकाने आखले. जुने नाव, नवे नाव, तारीख.

९ मार्च, रविवार

धाकटी आणि साडू आले. धाकटी म्हणजे हिची लहान बहीण. ही गेल्यापासून दोघे दर रविवारी अकराला येतात. धाकटी आठवड्याची भाजी निवडून डब्यांत भरते, फ्रिजमधले शिळे काढून टाकते. “भाऊजी, हे काय, बटण कुठे गेलं?” म्हणते आणि सदरा अंगात असतानाच बटण लावून देते. बसा म्हटले तर बसत नाही. आवाज हिच्यासारखा आहे. ती स्वयंपाकघरातून बोलू लागली की मी वर्तमानपत्राचे पान उलटत नाही.

साडूंना ब्लॉग दाखवला. काल एकेचाळीस वाचक झाले.

“वा साडूभाऊ! उतारवयात संपादक झालात,” ते म्हणाले. त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. “आता आमच्या पाटीचंही काहीतरी करा. वीस वर्षं नुसतं ‘चष्मे’ लिहिलंय.”

“ती पाटी ज्यांना वाचता येत नाही तेच तर तुमचे गिऱ्हाईक,” धाकटी आतून म्हणाली.

हसलो सगळे. मग मी सांगितले की अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस शीर्षके बदलणार आहे.

ती हात पुसत बाहेर आली. “सगळी?”

“सगळी.”

“जुन्यांना कशाला हात लावता भाऊजी? ताईने विचार करूनच ठेवली असतील ना नावं.”

“कुणी वाचत नाही.”

“ज्याला गरज पडेल तो शोधून वाचेल,” एवढे बोलून ती आत गेली. नंतर बराच वेळ नळ चालू होता. एकच कप धुवायचा होता.

मला वाटले होते तीच चार नावे सुचवेल. तिला या विषयातले कळते. सासूबाई शेवटची चार वर्षे अंथरुणावर होत्या, त्या धाकटीकडेच. ही ड्यूटी सांभाळून रविवारी जात असे. त्यालाही आता सात वर्षे झाली. बहिणीची आठवण अजून ओली असेल, कोणताही बदल सोसत नसेल. माझेही वेगळे नाही. मी हाताला काम लावून घेतले आहे, एवढेच.

१४ मार्च, शुक्रवार

दोनशे बारा.

हल्ली उठल्यावर आधी आकडा बघतो, मग चहा ठेवतो. काल दोनशे बारा माणसे हिच्याकडे येऊन गेली, असे मनात येते. घरात एवढी माणसे कधीच आली नव्हती. केस धुण्याच्या लेखाखाली एका वाचकाने लिहिले आहे, ‘सिस्टर, धन्यवाद. बाबांचे केस दोन महिन्यांनी धुतले. त्यांनी आरसा मागितला.’ त्याला ही नाही हे माहीत नाही. काय लिहावे ते कळेना. शेवटी ‘आभारी आहे’ लिहिले, खाली नाव घातले नाही.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार. लेख पुरा झाला की ही स्वयंपाकघराच्या टेबलापाशी येऊन शीर्षक वाचून दाखवत असे. ‘कसं वाटतं?’ मी शब्दकोडे सोडवत असे. वर न बघता ‘बरोबर आहे’ म्हणत असे. अठ्ठेचाळीस वेळा म्हटले असेन. लेख एकही पुरा वाचला नव्हता. आता शीर्षके देण्याच्या निमित्ताने निदान प्रत्येकाचे पहिले पान वाचले जाते.

२२ मार्च, शनिवार

आज ‘कुशीवर वळवणे’ घेतला. पंचविसावा. हा सर्वांत लांब आहे. सुरुवातीला मुद्दा येतो. ज्याला हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही तर टाच, कंबरेचे हाड, पाठीचा शेवट, या जागी कातडी काळवंडते आणि मग फुटते. पुढे हिने कुठल्याशा घरातला अनुभव दिला आहे. मुलगी म्हणते शीर्षक पहिल्या परिच्छेदातून निघते. म्हणून पुढे वाचत बसलो नाही, अजून तेवीस लेख बाकी होते.

मुलीचे एक वाक्य परवापासून डोक्यात घोळत होते. ती म्हणाली होती, “फायदा दिसला तर माणूस सावकाश उघडतो. आपली चूक झाली की काय असं वाटलं, तर लगेच उघडतो.” या वेळी तिला न विचारता लिहिले:

‘आईच्या अंगावर जखमा झाल्या. जबाबदार कोण? उत्तर घरातच आहे.’

दोनदा मोठ्याने वाचले आणि लावून टाकले. मुलीला पाठवले. तिचे उत्तर एका शब्दाचे आले, ‘जबरदस्त’.

सव्वाचार वाजले होते. खाली उतरून इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. पावलात जोर होता.

२४ मार्च, सोमवार

तीन हजार नऊशे. आकडा चुकला असेल म्हणून लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. तोच.

कुणीतरी लेख कुठल्याशा मोठ्या गटात टाकला आणि तिथून तो पसरला. भांडारातल्या जुन्या कारकुनाचा फोन आला, वेळेचा पक्का म्हणून ज्याला आम्ही घड्याळ म्हणायचो. “अहो, वहिनींचा लेख माझ्या सुनेच्या फोनवर आला! मी सांगितलं तिला, यांच्या हातचा चहा प्यालोय मी. पुढे वाचलं नाही बुवा, पण शीर्षक काय आहे! काळजाला हात घालतं.”

शीर्षक माझे आहे असे मी सांगितले नाही. सांगावेसे वाटत होते.

लेखाखाली दीडशेच्या वर अभिप्राय आले आहेत. काही फार कडक आहेत. ‘अशा मुलींना इथेच फेडावं लागतं.’ ‘चार वर्षं घरात ठेवून हे दिवे लावले.’ ही माणसे कुणाबद्दल बोलत आहेत ते नीट समजले नाही. मुलीला विचारले, पुसून टाकू का. ती मीटिंगमध्ये होती. “राहू द्या बाबा, भांडण झालं की लेख वर राहतो.”

दाढी केली. बाहेर कुठे जायचे नव्हते तरी इस्त्रीचा सदरा घातला.

३० मार्च, रविवार

धाकटी आली नाही. साडूंचा फोन आला, तिची पाठ धरली आहे. त्यांच्याशी बोलून झाल्यावरही साडेबारापर्यंत दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून होतो. मग अंडी उकडली.

काल सहाशे. उतरू लागले. पुढच्या लेखाला असेच जोरदार काहीतरी शोधले पाहिजे.

२ एप्रिल, बुधवार

चारच्या सुमारास साडू आले. एकटेच. दुकान भरदुपारी बंद करून आले होते. दारातच उभे राहिले.

“आत या.”

“नको. एकच विचारायचंय. तो कुशीवर वळवण्याचा लेख तुम्ही वाचलात?”

“वाचला.”

“शेवटपर्यंत?”

मी त्यांच्या चपलांकडे बघितले.

“मला तसंच वाटलं होतं.” त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “साडूभाऊ, तो लेख तिला मामेबहिणीने पाठवला. वर विचारलं होतं, ‘हे तुझ्याकडचंच ना गं?’ मग चुलत्यांच्या घरून आला. मग शेजारणीकडून. दहा दिवसांत नऊ जणांनी पाठवला. पाठबीठ काही धरलेली नाही तिची. फोन उलटा करून ठेवते आणि आईंच्या खोलीत जाऊन बसते. मी हाक मारली की येते, जेवते, परत जाते.”

त्यांना मी चिडलेले कधी पाहिले नाही. आजही चिडले नव्हते. “आधी वाचा तुम्ही. मग बोलू,” म्हणाले आणि जिना उतरले.

वाचला.

हिने कुणाचे नाव घेतलेले नाही. ‘एका घरात’ एवढेच म्हटले आहे. पण खिडकीशी लावलेला लोखंडी पलंग, उशाशी ठेवलेली पितळी घंटा, चार वर्षे. ते घर ज्याने पाहिले आहे त्याला ओळखू येणारच. मलाही पाचव्या ओळीत ओळखू आले. पुढचे इथे उतरवून ठेवतो.

‘त्या घरात हात दोनच होते. दिवसा तेच आणि रात्री तेच. चार वर्षांत ती सलग तीन तास झोपल्याचे मला आठवत नाही. मी शिकलेली सिस्टर. रविवारी जायची, खुर्चीत बसून गप्पा मारायची, जेवून परत यायची. एका रविवारी ती म्हणाली, ताई, आईची पाठ जरा बघतेस का? मी दोन पाळ्या करून आले होते. म्हटले, पुढच्या वेळी बघते. पुढच्या वेळी जखम तळहाताएवढी झाली होती. असल्या जखमा घेऊन माणसे रुग्णालयात आली की मी घरच्यांना रागवत असे. घरात हात किती आहेत, हे मी सव्वीस वर्षांत कुणालाही विचारले नव्हते. दोष शोधायचा असेल तर माझ्यापाशी थांबावे.’

त्यानंतर, जड माणसाला एकट्या बाईने घडी केलेल्या चादरीच्या आधाराने कसे वळवावे, ते आकृत्या काढून दिले आहे. आणि अगदी शेवटी:

‘लेखाला मुद्दाम साधे नाव ठेवले आहे. जिला हे आठवून त्रास होईल, तिला नाव वाचूनच पुढे जाता यावे.’

हे नाव ठेवतानाही हिने मला विचारले होते. आता आठवते. ‘कुशीवर वळवणे. असं ठेवलं तर कुणाला लागणार नाही ना?’ मी म्हटले, ‘बरोबर आहे.’ प्रश्नाचे ते उत्तरच नव्हते. ती थोडा वेळ टेबलापाशी उभी होती. मग गेली.

एकतीस वर्षांत तळापर्यंत न बघता मी एकाही खोक्यावर लेबल चिकटवले नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी जुने नाव परत लावले. सगळे अभिप्राय पुसले.

३ एप्रिल, गुरुवार

जुने नाव लावले तरी बाहेर जिकडेतिकडे नवेच दिसते आहे. मुलीला फोन केला. तिने समजावले की लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या मजकुरात आपण लिहिलेले जुनेच राहते. शिवाय कित्येकांनी नुसत्या शीर्षकाचे चित्र काढून पाठवले आहे. “ते आता आपल्या हातात नाही, बाबा. पण एवढं काय झालं? चाललेला लेख होता.”

सांगितले.

“मावशी?” ती म्हणाली.

“तू वाचला होतास?” मी विचारले.

“नाही.” मग म्हणाली, “मी आईचा एकही पूर्ण वाचलेला नाही. ती मला प्रत्येक लेख पाठवायची. मी अंगठा पाठवायचे.”

तिला काही बोलावे असे वाटेना. मी तरी काय पाठवले होते.

६ एप्रिल, रविवार

धाकटीकडे गेलो. अकराला, म्हणजे त्यांच्या आमच्याकडे येण्याच्या वेळेला पोहोचलो, हे दारात उभे राहिल्यावर लक्षात आले.

साडूंनी दार उघडले आणि नुसती मान हलवून आतली खोली दाखवली. खिडकीशी आता पलंग नाही, शिवणयंत्र आहे. त्यावर ती पडद्याची किनार शिवत होती.

“या, संपादक.” मान वर केली नाही. मग बाहेर ऐकू जाईल असे, “अहो, चहा टाका. पाहुणे आलेत.”

पाहुणे हा शब्द तिने मला कधी लावला नव्हता.

“चूक झाली,” मी म्हटले.

“कुणाची?”

“माझी.”

“असं होय. मला वाटलं, उत्तर घरातच शोधायला आलात.”

मी उभाच होतो. तिने पायाने स्टूल पुढे सरकवले. बसलो.

“ताईने तो लेख टाकायच्या आधी मला वाचून दाखवला होता,” ती म्हणाली. “इथेच, या खोलीत. मी तिला म्हटलं, टाक. माझं काही म्हणणं नाही. फक्त नाव असं ठेव की डोळ्यांपुढून गेलं तरी मला थांबावं लागू नये. सगळे नातेवाईक बघायचे तिचे लेख. पण ‘कुशीवर वळवणे’ कोण उघडतंय? सगळ्यांनी बघितलं आणि कुणीही उघडलं नाही. मी निवांत होते.”

“मी वाचला नव्हता गं.”

“ते मला त्याच दिवशी कळलं. ताईलाही ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“तुम्ही तिचं काही वाचत नाही ते. हसायची ती. म्हणायची, ‘वाचलं असतं तर इतक्या पटकन बरोबर आहे म्हणाले नसते.’”

हे सांगताना धाकटी हसत नव्हती. त्यामुळे हिचे ते हसणे कसले होते, हे कळायला मला आता मार्ग नाही.

मी म्हटले, लेखच काढून टाकतो.

यंत्र थांबले. “काढू नका! एकट्या बाईने वळवायचं कसं ते आहे त्यात. मला कुणी तेव्हा...” तिने दोरा दातांनी तोडला. “राहू द्या तो. नाव परत जुनं केलंत, बघितलं मी.”

“बघितलंस?”

“रोज बघते. ताईचं आहे ते. तुमचं एकट्याचं नाही.”

चहा आला. साडू मधे बसून पडद्याच्या कापडाबद्दल काहीबाही बोलले. निघताना ती दारापर्यंत आली.

“रविवारी आम्ही येणार नाही आता. किती दिवस ते विचारू नका, मलाच माहीत नाही. भाजी तुमच्या कोपऱ्यावर चांगली असते, पण लवकर जायला हवं. आठनंतर राहिलेलं उरतं.”

मी बरं म्हटले. जिन्यात आठवले की अजून माफी मागायची राहिली. ‘चूक झाली’ म्हणजे माफी नव्हे. परत वर गेलो नाही. का गेलो नाही, ते लिहायला बसलो तरी लिहिता येत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पहिल्या लेखापासून वाचायला घेतले आहे. शेवटपर्यंत, रोज दोन किंवा तीन. मुलीनेही सुरू केले आहे. संध्याकाळी फोनवर आज कुठला झाला ते सांगतो. काल ती म्हणाली, “बाबा, आई विनोदी होती का हो?” पाणी पाजण्याच्या लेखात एका आजोबांचे वर्णन आहे, ते चमचा दाताखाली धरून ठेवत आणि सिस्टरशी रस्सीखेच खेळत. मलाही हसू आले. घरी हिने हे सांगितले असणार. मी ऐकले नसणार.

आज ‘कुशीवर वळवणे’च्या खाली नवा अभिप्राय दिसला. उतरवून घेतो.

‘मी आईजवळ एकटीच असते. तिच्या पाठीला जखम झाली आहे. मैत्रिणीने शीर्षकाचे चित्र पाठवले. जबाबदार कोण, हे वाचून दोन दिवस मला जेवण गेले नाही. लेख उघडायचा धीर झाला नाही. आज उघडला तर वर वेगळेच नाव आहे. चादरीची रीत वाचून आईला पहिल्यांदा एकटीने वळवले. पण सिस्टर, एक विचारते. चूक माझीच होती का?’

सकाळी नऊला वाचले. उत्तर दुपारी दोनला लिहून झाले. ते असे:

‘या लेखांची लेखिका आता हयात नाही. मी तिचा नवरा. तुम्हाला आलेले शीर्षक तिचे नव्हते, माझे होते. लेख पुरता न वाचता मी ते लावले. तुमच्याकडे हात किती आहेत, हा प्रश्न तिने विचारला असता. चूक तुमची नाही. मला क्षमा करावी.’

मग केस धुण्याच्या लेखाकडे गेलो आणि तिथे ज्या माणसाला नाव न घालता ‘आभारी आहे’ म्हटले होते, त्यालाही खरे काय ते कळवले.

उत्तर पाठवल्यावर दिसले की ‘मला क्षमा करावी’ हे शब्द मी एका अनोळखी बाईला सहज लिहिले.

२७ एप्रिल, रविवार

अठ्ठेचाळीसही वाचून झाले. मी सत्तावीस शीर्षके बदलली होती. त्यातली अठरा परत जुनी केली. नऊ नवी ठेवली. केस धुण्याचे नवेच ठेवले. त्यात आहे ते सगळे खरे आहे, आणि ज्याला गरज आहे त्याला ते सापडते. जुन्या नावाने त्याला सहा वर्षांत तीनशे जणांनीही उघडले नव्हते. मुलगी इथे बरोबर होती. एकावर आम्ही वाद घातला. ‘चमच्याने पाणी पाजणे’ला तिने सुचवले, ‘पाणी पाजताना ठसका लागतो? आधी मान बघा.’ लेख पुन्हा वाचला. मानेचेच आहे. मान्य केले.

प्रत्येक शीर्षक लावायच्या आधी मोठ्याने वाचतो. कसे वाटते ते विचारायला कुणी नाही, म्हणून थोडा थांबतो आणि लावतो.

धाकटीला पत्र लिहायला घेतले. ‘तुला’ की ‘तुम्हाला’ इथेच अडलो. तोंडी ‘तू’ म्हणतो, कागदावर ते अरेरावीचे वाटले. शेवटी ‘तुला’ लिहिले. चार ओळी झाल्या. लेख न वाचता नाव दिले, त्यामुळे लोकांनी तुला बोल लावले, हे मी केले, क्षमा कर. पेटीत टाकून आलो.

काल चाळीस वाचक.

४ मे, रविवार

पत्राला उत्तर नाही. ते अपेक्षित होते.

दहाला साडूंचा फोन आला. “ती म्हणते, या रविवारीही जमायचं नाही.” गेल्या रविवारी असाच फोन आला होता, आणि त्याच्या आधीच्या रविवारीही. येणार नाही हे तिने मला तोंडावर सांगितले असताना दर आठवड्याला पुन्हा कळवायचे काय कारण, ते समजले नाही. मी बरं म्हटले. साडू जरा घुटमळले, काही सांगायचे असावे, मग दुकानाचे बोलून फोन ठेवला.

आठच्या आत जाऊन भाजी आणली होती. ती निवडून ठेवली.

पंख्याच्या पात्यांवर धूळ दिसत होती. खाली जुनी वर्तमानपत्रे पसरली, स्टूल आणले, ओल्या फडक्याने तिन्ही पाती पुसली. वरच्या बाजूला जास्त साचली होती. फडके दोनदा खळबळून पिळले. कागद गोळा करून केराच्या डब्यात टाकले, स्टूल जागेवर ठेवले आणि पंखा लावून बघितला.